काळ्या गणवेशाचा पहिला कर्णधार : डेव्ह गॅलाहर

वार्षिक अंकात चरित्र द्यावयाचे म्हटले की आमची लेखणी सहसा संतांकडे, संशोधकांकडे किंवा राष्ट्रपुरुषांकडे वळते, आणि ते योग्यच आहे. खेळाडूच्या वाट्याला मात्र फार तर एखाद्या सामन्याचे छायाचित्र आणि त्याखालच्या दोन ओळी येतात. जणू खेळणाऱ्याला चरित्र नसतेच, असतात त्या केवळ धावा आणि गोल! यंदा आम्ही ही रीत थोडी मोडीत आहो. ज्याची कथा सांगावयाची तो मनुष्य खाटीकखान्याशी संबंधित अशा एका कारखान्यात मजूर होता, सैन्यात सार्जंट होता, आणि जगातील एका अत्यंत नामांकित क्रीडासंघाचा कर्णधार होता. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असे आम्हांस त्याचे चरित्र वाचताना सारखे वाटत राहिले.

तो खेळ रग्बीचा. आपल्या मुलांना हा खेळ अपरिचित असल्यामुळे त्याविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. गोव्याकडे काय किंवा इकडे बेळगावात काय, चेंडू पायाने मारावयाचा फुटबॉल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रग्बीत चेंडू लंबगोल असतो आणि तो हाती घेऊन धावण्याची मुभा असते. मात्र सोबत्याकडे चेंडू फेकावयाचा तो आडवा किंवा मागे, पुढे मुळीच नाही. ज्याच्या हाती चेंडू असेल त्याला प्रतिपक्षाने धरून पाडावे. आपल्या हुतूतूतील पकड आणि फुटबॉलचे मैदान एकत्र कल्पिले म्हणजे या खेळाचे रूप पुष्कळसे ध्यानी येते. चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दीच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकविला की त्यास ट्राय म्हणतात. आपण ज्या काळाविषयी बोलणार आहो त्या काळी ट्रायचे 3 गुण मिळत, आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून उडविला तर आणखी 2.

संघात पंधरा जण असतात. त्यांपैकी मागचे सडपातळ आणि वेगवान. पुढचे आठ, ज्यांना फॉरवर्ड म्हणतात, ते अंगापिंडाने भक्कम. खेळात लहानशी चूक झाली म्हणजे दोन्ही बाजूंचे हे फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून, मस्तके खाली घालून, टक्कर घेणाऱ्या रेड्यांप्रमाणे एकमेकांना रेटतात. मधल्या फटीत चेंडू टाकला जातो आणि तो पायाने मागे ओढून घ्यावयाचा असतो. यास स्क्रम म्हणतात. प्रेक्षकांच्या टाळ्या मागच्या धावपटूंना मिळतात. त्यांच्या हाती चेंडू यावा म्हणून चिखलात रक्त आणि घाम गाळतात ते फॉरवर्ड. आमचा चरित्रनायक हा असा एक फॉरवर्ड होता.

या खेळाचा आपल्या देशाशी मुळीच संबंध नाही, असे मात्र नाही. 1873 च्या जानेवारीत कलकत्त्यास तेथील इंग्रजांनी या खेळाचा एक क्लब काढला होता. तेथील हवा खेळाला मानवेना, सभासद गळू लागले, आणि 1878 मध्ये तो क्लब बंद पडला. पण बंद करताना त्यांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून एक चषक घडविला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश 1879 पासून झुंजत आले आहेत. आपल्या बाजारात खुळखुळलेल्या रुपयांचे हे नशीब आमच्या वाचकांस मौजेचे वाटेल. योगायोग असा की, ज्या वर्षी तो क्लब निघाला त्याच वर्षी, 30 ऑक्टोबर 1873 रोजी, आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्यात रमेल्टन या लहानशा गावी डेव्हिड गॅलाहरचा जन्म झाला.

वडील जेम्स हे दुकानदार होते. हा त्यांचा दुसरा विवाह, आणि त्या वेळी त्यांचे वय सत्तरीला टेकलेले. आई मारिया त्यांच्याहून चाळीसहून अधिक वर्षांनी लहान, शिक्षिकेचा पेशा केलेली. आयर्लंडातून त्या काळी माणसे जहाजे भरभरून परदेशी जात होती. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर कातिकाती नावाच्या ठिकाणी आयर्लंडच्या उत्तर भागातील लोकांची एक नवी वसाहत उभी राहत होती, आणि 1878 मध्ये हे कुटुंब लेडी जोसेलिन नावाच्या जहाजातून तिकडे निघाले. डेव्हिड तेव्हा पाचव्या वर्षात होता. मूळचे गॅलघर असे लिहिले जाणारे आडनाव नव्या देशात लोकांना धड लिहिता येईना, म्हणून त्यातील एक अक्षर गाळले गेले. तेव्हापासून ते गॅलाहर.

वसाहतीविषयी जे ऐकविले गेले होते ते आणि जे डोळ्यांना दिसले ते यांत पुष्कळ अंतर होते. जमीन कसावयास अवघड. वडील म्हातारे. शेवटी संसाराचा गाडा आईने ओढला. कातिकातीच्या शाळेत तिला आठवड्याला 2 पौंड पगारावर शिक्षिकेची जागा मिळाली, आणि त्या 2 पौंडांत ते मोठे कुटुंब जगले. आम्ही स्वतः याच पेशातले असल्यामुळे या मातेविषयी आम्हांस अधिक जिव्हाळा वाटला तर वाचक क्षमा करतील. पुढे तिला कर्करोगाने गाठले. आजारपणामुळे 1886 मध्ये तिची नोकरी गेली आणि 1887 च्या सप्टेंबरात तिने देह ठेविला. डेव्हिड त्या वेळी तेरा वर्षांचा होता. शाळा सुटली. गावातील एका जनावरांच्या व शेतमालाच्या अडत्याकडे तो कामाला लागला. ज्या वयात आमच्या वर्गातील मुले आठवीच्या बाकावर बसतात, त्या वयात त्याच्या अंगावर कमावत्या माणसाची जबाबदारी आली.

थोड्याच वर्षांनी भावंडांसह तो ऑकलंड शहरी आला. प्रथम एका पिठाच्या गिरणीत, नंतर शेतकऱ्यांच्या मांस गोठविण्याच्या कारखान्यात त्याने काम केले. न्यूझीलंडचे मांस बर्फात घालून इंग्लंडला पाठविण्याचा धंदा तेव्हा भरभराटीस येत होता. कापलेली जनावरे उचलावयाची, वाहावयाची, टांगावयाची, हे त्याचे दिवसभराचे काम. एकेका धुडाचे वजन 200 पौंडांपर्यंत असे. पुढे तो तेथील मुकादम झाला. त्याला वेगळ्या आखाड्याची जरूर नव्हती. सहा फूट उंची, सुमारे तेरा स्टोन वजन आणि दोरखंडासारखे पिळदार हातपाय ही त्या कारखान्याची कमाई होय. 1895 मध्ये तो पॉन्सनबी क्लबात आला आणि 1896 मध्ये ऑकलंड प्रांताच्या संघात त्याची निवड झाली.

येथून एकदम कीर्तीच्या शिखरावर उडी मारावी असे कोणास वाटेल, पण तसे घडले नाही. 1901 च्या जानेवारीत त्याने दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी घोडेस्वार पथकात नाव नोंदविले. खेळाडूच्या आयुष्यातील भर उमेदीची दीड वर्षे घोड्यावर आणि तंबूत गेली. तेथे हिवतापाने त्याला चांगलेच लोळविले. मात्र सामान्य शिपाई म्हणून गेलेला हा तरुण स्क्वॉड्रनचा सार्जंट-मेजर होऊन 1902 मध्ये परत आला. ज्या शेतकऱ्यांविरुद्ध तो लढला त्यांची बाजू काय होती, हा प्रश्न आज आपल्यासारख्या, साम्राज्याचे जू वाहिलेल्या लोकांच्या मनात उठल्यावाचून राहत नाही. त्या काळच्या वसाहतीतील तरुणाच्या मनात तो उठला नाही, एवढे नमूद करून पुढे जाऊ. त्या युद्धाने त्याला जे दिले ते पुढे मैदानावर दिसले. माणसे कशी हाताळावी, आज्ञा कधी द्यावी आणि कधी गप्प बसावे, हे त्याला कळू लागले.

1903 मध्ये न्यूझीलंडचा संघ ऑस्ट्रेलियास गेला. 15 ऑगस्ट रोजी सिडनी येथे या दोन देशांचा पहिलाच कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडने तो 22 विरुद्ध 3 असा जिंकला. गॅलाहर त्या संघात होता. पुढल्या वर्षी ब्रिटनचा संघ वेलिंग्टन येथे आला व 9 विरुद्ध 3 असा हरून गेला. तेव्हा न्यूझीलंडच्या लोकांच्या मनात आले की आता आपण समुद्र ओलांडून या खेळाच्या माहेरी जाऊन पाहावे.

1905 चा तो दौरा म्हणजे गॅलाहरच्या आयुष्याचा मध्य. संघटनेने त्यास कर्णधार नेमले. उपकर्णधार बिली स्टेड हा दक्षिणेकडील साउथलंडचा, धंद्याने बूट शिवणारा कारागीर आणि माओरी रक्ताचा. 30 जुलै रोजी रिमुटाका जहाजाने वेलिंग्टनचा धक्का सोडला आणि लगोलग वादाला तोंड फुटले. उत्तरेकडील ऑकलंडचा मनुष्य कर्णधार म्हणून वरून लादला, खेळाडूंना कोणी विचारले नाही, असे दक्षिणेकडील काही जण कुजबुजू लागले. आपल्याकडे गावच्या लेझीम पथकापासून नाटकमंडळीपर्यंत असली कुजबूज कोणास ठाऊक नाही? अशा वेळी नेमणुकीचा कागद दाखवून तोंडे बंद करणारे पुष्कळ असतात. गॅलाहरने तसे केले नाही. आपण कर्णधारपद सोडावयास तयार आहो असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. स्टेडनेही आपले पद सोडण्याची तयारी दाखविली. व्यवस्थापकाने ते मान्य केले नाही. मग खेळाडूंचे मत घेण्यात आले आणि बहुमताने दोघांच्या नेमणुका कायम झाल्या. मतदानानंतर विरोध मावळला आणि पुढे सात महिने तो पुन्हा उठला नाही. आमच्या मते तो दौरा इंग्लंडच्या मैदानावर नव्हे, तर या जहाजाच्या डेकवर जिंकला गेला.

समुद्रप्रवासाचे सहा आठवडे वाया गेले नाहीत. डेकवर रोज व्यायाम चाले, फॉरवर्डांचा सराव चाले, डावपेचांवर चर्चा चाले. ब्रिटनमध्ये त्या काळी अशी पद्धत होती की स्क्रमच्या जागी जो फॉरवर्ड आधी पोचेल त्याने पुढे वाकावे, मागून येणाऱ्यांनी मागे जोडून घ्यावे. गॅलाहरच्या संघात प्रत्येकाची जागा ठरलेली. हा पुढे, हा मधे, हा मागे. प्रत्येकाचे काम वेगळे आणि प्रत्येकास ते पाठ. साधीच गोष्ट, परंतु कारखान्यातील मुकादमास आणि पलटणीतील सार्जंटास जे सहज सुचते ते हौशी मंडळीस सुचले नव्हते. सामन्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने तासभर निवांत पडून राहावे आणि येणाऱ्या खेळाचा मनाशी विचार करावा, असाही त्याचा दंडक होता. आमच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दिवशी सकाळी पुस्तकात डोके खुपसण्याऐवजी हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

8 सप्टेंबरला जहाज प्लिमथ बंदरी लागले. 16 तारखेस पहिला सामना डेव्हन परगण्याशी होता. वसाहतीतून आलेल्या या पाहुण्यांचे काय होणार याविषयी तेथील जाणकारांस फारशी शंका नव्हती. निकाल लागला तो असा : न्यूझीलंड 55, डेव्हन 4. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तार पोचली तेव्हा आकड्यांची अदलाबदल झाली असावी अशी समजूत होऊन काही ठिकाणी डेव्हनचाच विजय छापला गेला, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर मात्र कोणाची समजूत चुकली नाही. एकामागून एक परगणे, नगरे, विद्यापीठे हरत गेली. संघाचा पोषाख संपूर्ण काळा. दौरा चालू असताना वर्तमानपत्रांनी त्यांस जे नाव दिले ते कायमचे चिकटले. ऑल ब्लॅक्स हे शब्द आज जेथे जेथे रग्बी खेळतात तेथे लहान मूलही ओळखते.

या विजयांबरोबर गॅलाहरच्या नावाला एक काळिमाही लागला, आणि तो झाकून ठेवला तर हे चरित्र अपुरे राहील. न्यूझीलंडचे लोक स्क्रममध्ये आठांऐवजी सातच फॉरवर्ड घालीत. पुढे दोन, मधे तीन, मागे दोन, अशी ती पाचरीसारखी रचना होती आणि तीतून चेंडू फार झटकन मागे येई. उरलेला आठवा गडी मोकळा राही, आणि तो म्हणजे खुद्द गॅलाहर. तो चेंडू स्क्रममध्ये टाकी व तेथेच कडेला उभा राही. चेंडू मागे येऊन आपल्या हाफबॅकच्या हाती पडे, आणि त्याच्यावर झडप घालू पाहणाऱ्या प्रतिपक्षाच्या वाटेत नेमके गॅलाहरचे धिप्पाड शरीर येई! प्रेक्षक खवळत, पंच शिट्ट्या वाजवीत, वर्तमानपत्रे त्यास लबाड ठरवीत. तो पायांना संरक्षक पट्ट्या बांधून खेळे, त्यावरूनही टीका झाली. वास्तविक, अडून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नडग्यांवर किती लाथा बसतात हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

तो खरोखर लबाड होता काय? नियम त्याने उघडपणे मोडला असे म्हणता येत नाही. पण नियमाच्या कुंपणावरून तो रोज चालत होता, आणि कुंपणावरून चालणाऱ्याचा तोल कधीमधी जातो हेही खरे. हे स्थान त्याने शोधून काढलेले नव्हते. न्यूझीलंडमध्ये सगळेच तसे खेळत. तेथे जे रीतसर ते येथे गैर ठरले, आणि सगळ्या रीतीचे पाप एका माणसाच्या माथी आले. त्याने वर्तमानपत्रांतून भांडण मांडले नाही, की आपले स्थान बदलून दुसऱ्या कोणास त्या शिव्यांच्या तोंडी दिले नाही. पुढे 1930 च्या ब्रिटिश दौऱ्यात हा वाद पुन्हा पेटला आणि लवकरच नियम बदलून ते स्थानच रद्द झाले. आमचे मत विचाराल तर नियम बदलणारे बरोबर होते, आणि तरीही गॅलाहरला लबाड म्हणणारे चूक होते.

पैशाचाही वाद झाला. रग्बीच्या या शाखेत खेळून पैसे घेणे हे त्या काळी मोठे पाप समजले जाई. संघातील खेळाडू लोहार, शेतकरी, कारागीर, मजूर. सात महिने घर सोडून आलेले. त्यांना किरकोळ खर्चासाठी दिवसाला 3 शिलिंग भत्ता मिळे. एवढ्यावरूनही स्कॉटलंडच्या संघटनेने पुढे मोठा गहजब केला. ज्यांना पोटाची चिंता नव्हती त्यांनी ज्यांना ती होती त्यांच्यासाठी केलेला हा नियम होता, असे म्हटल्यावाचून आम्हांस राहवत नाही. याच स्कॉटिश मंडळीने सामन्याआधी न्यूझीलंडला 500 पौंडांची हमी देण्याचे नाकारून, त्याऐवजी तिकिटांचे निव्वळ उत्पन्न देऊ केले होते. प्रेक्षकांची एवढी झुंबड उडाली की पाहुण्यांना मागितल्याहून कितीतरी अधिक रक्कम मिळाली. देव कधी कधी असाही विनोद करतो. दौऱ्यातील चार खेळाडू 1907 मध्ये बास्करव्हिल नावाच्या तरुण टपाल कारकुनाने उभारलेल्या व्यावसायिक संघातून पुन्हा इंग्लंडला गेले. गॅलाहर मात्र जुन्या घरातच राहिला. या शाखेत खेळाडूस उघडपणे वेतन घेण्याची मोकळीक मिळावयास 1995 साल उजाडावे लागले.

स्कॉटलंडशी 18 नोव्हेंबरला एडिंबरोच्या थंडीने गोठलेल्या मैदानावर सामना झाला. मध्यंतरास न्यूझीलंड 6 विरुद्ध 7 असा मागे होता, आणि सामना संपावयास थोडी मिनिटे उरली तोपर्यंत तसाच मागे राहिला. शेवटी दोन ट्राय करून त्यांनी तो 12 विरुद्ध 7 असा खेचून आणला. या झुंजीत गॅलाहरचा पाय दुखावला, त्यामुळे पुढल्या आठवड्यात डब्लिनला आपल्या जन्मभूमीविरुद्ध उतरण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. आयर्लंड 15 विरुद्ध 0 असा हरला. 2 डिसेंबरला लंडनमध्ये इंग्लंडही अगदी त्याच आकड्यांनी हरला, त्यात एकट्या मॅकग्रेगरचे चार ट्राय होते. आता राहिला होता वेल्स.

वेल्स हा कोळशाच्या खाणींचा देश. खेळणारे आणि पाहणारे दोघेही मेहनती. 16 डिसेंबर रोजी कार्डिफच्या मैदानावर 47,000 लोक जमले होते. सामन्यापूर्वी न्यूझीलंडच्या खेळाडूंनी माओरी लोकांचे हाका हे वीरनृत्य केले. ते संपताच वेल्सच्या खेळाडूंनी आपले राष्ट्रगीत म्हणावयास आरंभ केला, आणि पाहता पाहता सारे मैदान गाऊ लागले. वेल्सने पाहुण्यांचा अभ्यास नीट केला होता. त्यांनीही स्क्रममध्ये सातच गडी घालून आठवा मोकळा ठेविला. पंच जॉन डॅलस हे स्कॉटिश गृहस्थ. चेंडू सरळ टाकला नाही म्हणून ते गॅलाहरला वारंवार दंड करीत. अखेर त्याने आपल्या पुढच्या गड्यांना चेंडूसाठी झगडूच नका असे सांगितले. दंड टळला, पण चेंडूही गेला. वेल्सने एका बाजूला हूल देऊन दुसऱ्या बाजूने चेंडू नेला आणि टेडी मॉर्गनने कोपऱ्यात ट्राय केला. वेल्स 3, न्यूझीलंड 0.

उत्तरार्धात ती घटना घडली जिच्यावर अजून वाद चालतो. न्यूझीलंडचा तरुण खेळाडू बॉब डीन्स चेंडू घेऊन रेषेवर कोसळला. रेषेपलीकडे की अलीकडे? डॅलस साध्या बुटांनिशी, रोजच्या कपड्यांत पंचगिरी करीत होते आणि मागे पडले होते. ते पोचले तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. ट्राय नाकारला गेला. आपण चेंडू पलीकडेच टेकविला होता आणि नंतर आपल्याला मागे ओढले, असे डीन्सने एका वर्तमानपत्राला तारेने कळविले. बिचारा 1908 मध्ये चोविसाव्या वर्षी आजाराने गेला. डॅलस आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

कर्णधार काय करतो याकडे त्या दिवशी सर्वांचे लक्ष होते. सलग 27 सामने जिंकून आलेला, वर्तमानपत्रांची बोलणी खाल्लेला, पंचाच्या शिट्टीने दिवसभर गांजलेला हा मनुष्य. एखादा कडवट शब्द त्याच्या तोंडून निघाला असता तर कोणास नवल वाटले नसते. त्याने वेल्सचे अभिनंदन केले आणि चांगला संघ जिंकला असे सांगून टाकले. पंचाविषयी तक्रार केली नाही. वेल्सचा कर्णधार ग्विन निकल्स याच्याशी त्याने जर्सीची अदलाबदल केली. दौऱ्यातील तो एकच पराभव. त्यानंतर वेल्समध्येच आणखी चार सामने होते आणि तेही अटीतटीचे, स्वॉन्सीशी तर 4 विरुद्ध 3 असा निसटता विजय. पण एकही पुन्हा हरला नाही. 1 जानेवारी 1906 रोजी पॅरिसला फ्रान्सशी सामना झाला. तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना होता. न्यूझीलंडने तो 38 विरुद्ध 8 असा जिंकला. गॅलाहरचाही देशासाठी तो शेवटचा कसोटी सामना ठरला.

अमेरिकेमार्गे संघ परत निघाला. एकूण 35 सामने, 34 विजय, केलेले गुण 976, प्रतिपक्षाने केलेले 59. 6 मार्च रोजी ऑकलंडच्या धक्क्यावर स्वतः पंतप्रधान सेडन स्वागतास उभे होते. निघण्यापूर्वी गॅलाहर व स्टेड यांनी एका प्रकाशकासाठी या खेळावर 300 हून अधिक पानांचा ग्रंथ पंधरवड्याच्या आत सिद्ध केला होता. लेखन बहुतेक स्टेडचे, डावपेचांच्या आकृत्या गॅलाहरच्या. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला मजूर आणि बूट शिवणारा कारागीर यांनी लिहिलेले ते पुस्तक या विषयावरील उत्तम पुस्तकांत आजही गणले जाते.

त्यानंतरच्या दहा वर्षांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. 1906 च्या ऑक्टोबरात नेली फ्रान्सिस हिच्याशी त्याचा विवाह झाला. 1908 मध्ये नोरा ही मुलगी झाली. खेळणे सोडून तो ऑकलंडच्या संघाचा शिक्षक आणि राष्ट्रीय संघाच्या निवड समितीचा सभासद झाला. देशातील मानाची रॅनफर्ली ढाल ऑकलंडने 1905 पासून 1913 पर्यंत हातची जाऊ दिली नाही. कारखान्यातील नोकरी चालूच होती. सुखाचा संसार होता, त्यात गोष्ट सांगण्याजोगे फारसे काही घडत नाही.

1914 मध्ये महायुद्ध पेटले. 1916 च्या मे महिन्यात गॅलाहरने सैन्यात नाव दिले. त्याचे वय बेचाळीस. बायको, सात वर्षांची मुलगी. सक्तीची भरती त्याच्यापर्यंत पोचणारी नव्हती. एक युद्ध तो करून आला होता, कोणी त्यास भित्रा म्हटले नसते. तरी त्याने नाव दिले, आणि जन्मसाल 1873 ऐवजी 1876 असे लिहविले. पुढे बोलावणे येण्याची वाट पाहत असताना बातमी आली की धाकटा भाऊ डग्लस, जो ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात होता, तो 3 जून रोजी फ्रान्समध्ये पडला. भावाचा सूड घेण्यासाठी तो रणांगणावर गेला, ही कथा पुढे फार लोकप्रिय झाली. कथा नाट्यमय आहे, परंतु तारखा तिला पाठिंबा देत नाहीत. नाव त्याने आधीच दिले होते. मग तो का गेला? ज्या तरुणांना त्याने खेळ शिकविला ते जात असताना आपण मागे राहावे हे त्याला सोसले नसावे, असा आमचा तर्क आहे. नेली आणि नोरा यांचा विचार मनात आला की मात्र हा तर्क आमचे पुरते समाधान करीत नाही.

त्याच सुमारास, 1915-16 मध्ये, आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात उपाशी लढत होत्या. ज्या मराठा रेजिमेंटचे केंद्र आज आमच्या बेळगावात आहे, तिचेच ते पूर्वज. जगाच्या दोन टोकांचे शेतकऱ्यांचे मुलगे एकाच साम्राज्याच्या लढाईत कसे ओढले गेले ते यावरून दिसते.

1917 च्या फेब्रुवारीत तो निघाला, मे महिन्यात इंग्लंडला पोचला आणि ऑकलंड रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत सार्जंट म्हणून बेल्जियमच्या आघाडीवर गेला. त्या वर्षीचा तो पाऊस आणि तो चिखल युरोपच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. 4 ऑक्टोबरला पहाटे ब्रूडसाइंडेच्या लढाईस तोंड लागले. न्यूझीलंडच्या तुकड्यांनी ग्राफेनस्टाफेल नावाच्या उंचवट्यावर चढाई केली. तोफगोळ्याचा एक तुकडा गॅलाहरच्या लोखंडी टोपातून आरपार गेला. त्यास पोपेरिंगेनजीक ऑस्ट्रेलियन लोकांच्या उपचारकेंद्रात नेण्यात आले. त्याच दिवशी त्याने प्राण सोडला. चौव्वेचाळीस वर्षे पुरी व्हावयास सव्वीस दिवस उरले होते.

गॅलाहर कुटुंबाचे दुःख एवढ्याने सरले नाही. 24 एप्रिल 1918 रोजी आणखी एक भाऊ हेन्री फ्रान्समध्ये मारला गेला. हेन्रीचा जुळा भाऊ चार्ल्स हा गॅलिपोलीला जबर जखमी होऊनही वाचला.

ऑकलंडच्या क्लबांमधील स्पर्धेस 1922 पासून गॅलाहर ढाल ठेवलेली आहे. 2000 सालापासून फ्रान्स आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये त्याच्या नावाचा चषक खेळला जाऊ लागला, आणि 2011 मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. त्याचे शरीर मात्र बेल्जियममध्ये, नाइन एल्म्स येथील लष्करी दफनभूमीत आहे. युरोपच्या दौऱ्यावर जाणारे न्यूझीलंडचे संघ तेथे वेळोवेळी जाऊन येतात. शेजारच्या शेकडो दगडांसारखाच एक साधा पांढरा दगड, त्यावर त्या देशाचे नेच्याचे पान कोरलेले आणि खाली वय लिहिलेले 41. ते चूक आहे. भरतीच्या वेळी त्याने जे सांगितले त्याचाच तो हिशेब आहे.